फाईल चालत नाही? एमपी४, एमकेव्ही, एव्हीआयच्या गोंधळातून वाट काढण्यासाठी

"दादा, फाईल चालंना झालीया." कोल्हापुरात शूटिंग-एडिटिंगचं काम करणाऱ्याला लग्नसराईत आणि गणपतीत हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. कुणाच्या टीव्हीवर चित्र दिसतं पण आवाज येत नाही. कुणाचा पेनड्राइव्ह मोकळा असूनही मोठी फाईल घेत नाही. कुणी आयफोनवर काढलेला हळदीचा नाच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नुसता काळा दिसतो. मग शेजारचा कुणीतरी सांगतो, "एमपी४ करून घे की." तो बिचारा कुठल्यातरी वेबसाईटवर फाईल चढवतो, तासभर थांबतो आणि आधीपेक्षा वाईट दिसणारी फाईल घेऊन परत येतो.

मी लग्नाचं, मंडळाचं आणि तालमींच्या फुटबॉल सामन्यांचं शूटिंग एडिट करतो. जुन्या कॅसेट आणि सीडी कॉम्प्युटरवर घ्यायची कामंही येतात. या धंद्यात नव्याने उतरलेल्या पोरांसाठी, मंडळाचं फेसबुक पेज सांभाळणाऱ्यांसाठी आणि घरचे जुने व्हिडिओ जपू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की फाईल बदलायच्या आधी तिच्या आत काय आहे ते वाचा. वाचलंत की बऱ्याचदा कन्व्हर्ट करायची गरजच नसते, असं दिसेल.

जवळ काय हवं

- विंडोज, मॅक किंवा लिनक्सचा कोणताही कॉम्प्युटर. फार ताकदीचा नसला तरी चालेल, पण डिस्कवर मोकळी जागा हवी.
- व्हीएलसी: फाईल चालवून बघायला.
- मीडियाइन्फो: फाईलच्या आतलं वाचायला. या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं हेच.
- लॉसलेसकट: कापायला, जोडायला आणि कंटेनर (फाईलचा बाहेरचा डबा, पायरी १ बघा) बदलायला.
- एव्हीडेमक्स: चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलायला.
- हँडब्रेक: खरोखरच नव्याने एन्कोड करायची, म्हणजे चित्र उलगडून पुन्हा दाबायची वेळ आली तर.
- मूळ फाईलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. प्रयोग नेहमी कॉपीवर करायचे.

ही सगळी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. घ्यायची मात्र त्यांच्या मूळ वेबसाईटवरूनच. 'कोडेक पॅक' नावाचं काहीतरी कुणी टाकायला सांगितलं तर टाकू नका. व्हीएलसी आपले डीकोडर स्वतःसोबतच घेऊन येतं, त्यामुळे त्या पॅकची आता गरज राहिलेली नाही, आणि अशा पॅकांसोबत नको ती सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये घुसतात.

## १. कंटेनर वेगळा, कोडेक वेगळा

घरोघरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुई-दोरा असतो. डब्यावरचं चित्र बघून आत बिस्किटंच असतील असं धरून चाललात तर फसगत ठरलेली. व्हिडिओ फाईलचंही तसंच आहे. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही डब्यांची म्हणजे कंटेनरची नावं. आतलं चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवलंय ते ठरवतो व्हिडिओ कोडेक: एच.२६४, एच.२६५, एमपीईजी-२ वगैरे. आवाजाचा कोडेक आणखी वेगळा: एएसी, एमपी३, एसी-३, पीसीएम, ओपस.

कंटेनरकडे कामं तीन. चित्र, आवाज, सबटायटल असे वेगवेगळे प्रवाह एका फाईलमध्ये गुंफून ठेवायचे. कोणता तुकडा कितव्या क्षणाला दाखवायचा याच्या वेळा लिहून ठेवायच्या, म्हणजे ओठ आणि शब्द जुळतात. आणि कुठलं दृश्य फाईलमध्ये कुठे आहे याची सूची ठेवायची, म्हणजे तुम्ही थेट सप्तपदीवर उडी मारू शकता.

हे काम कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत इथे बोलपट बनू लागले. फिल्मवर आवाज छापायची जी पद्धत पुढे सगळीकडे रुळली, तिच्यात आवाजाची पट्टी त्याच रिळावर चित्राच्या कडेने जाते आणि तो आवाज आपल्या चित्रापेक्षा साधारण वीस फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी आणि आवाजाचं डोकं वेगवेगळ्या ठिकाणी असतं. ती वीस फ्रेमची शिस्त आज कंटेनर आकड्यांनी पाळतो.

## २. विंडोजला एक्स्टेन्शन दाखवायला लावा

विंडोज फाईलच्या नावामागचं एक्स्टेन्शन, म्हणजे '.एमपी४' सारखं शेवटचं शेपूट, लपवून ठेवतं. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा.

यात एक सापळा सुरक्षिततेचा आहे. 'लग्न.एमपी४' असं दिसणाऱ्या नावाच्या मागे '.ईएक्सई' लपलेलं असेल, तर तो व्हिडिओ नसून प्रोग्राम आहे. डबलक्लिक करू नका, उडवून टाका.

दुसरा सापळा जास्त नेहमीचा. नाव बदलून '.एमकेव्ही'चं '.एमपी४' केलं म्हणून कंटेनर बदलत नाही. व्हीएलसी तरीही फाईल चालवतं, कारण ते नावाकडे न बघता फाईलचे सुरुवातीचे बाइट तपासतं. त्यामुळे माणसाला वाटतं, जमलं! मग तीच फाईल टीव्हीला लावली की टीव्ही 'अनसपोर्टेड' म्हणून मोकळा होतो.

## ३. मीडियाइन्फोमध्ये फाईल उघडा आणि मोजक्या ओळी वाचा

मीडियाइन्फो उघडा, 'व्ह्यू'मधून 'टेक्स्ट' निवडा आणि फाईल ओढून त्यावर सोडा. मोठी यादी येईल. घाबरू नका, बघायचं थोडंच आहे:

- जनरल – फॉरमॅट: हा खरा कंटेनर. एक्स्टेन्शन काहीही म्हणो, खरं मानायचं ते हे.
- व्हिडिओ – फॉरमॅट: इथे 'एव्हीसी' दिसलं तर तोच एच.२६४ आणि 'एचईव्हीसी' दिसलं तर तोच एच.२६५. एकाच गोष्टीची दोन नावं आहेत आणि नवीन माणूस इथेच अडखळतो.
- व्हिडिओ – बिट डेप्थ, म्हणजे रंगांच्या छटा किती बारीक मोजल्यात: ८ असेल तर बहुतेक ठिकाणी चालतं. १० असेल तर जुना टीव्ही आणि जुना लॅपटॉप कुरकुर करणार.
- व्हिडिओ – फ्रेम रेट मोड: सेकंदाला येणाऱ्या फ्रेमची संख्या 'कॉन्स्टंट' (कायम तेवढीच) की 'व्हेरिएबल' (कमी-जास्त होणारी). एडिटिंग करायचं असेल तर ही ओळ आधी वाचा.
- व्हिडिओ – स्कॅन टाइप: 'प्रोग्रेसिव्ह' (प्रत्येक फ्रेम पूर्ण) की 'इंटरलेस्ड' (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं).
- ऑडिओ – फॉरमॅट: टीव्हीवर आवाज येत नसेल तर उत्तर इथे सापडतं.

एक उदाहरण घेऊ. शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचं लॅपटॉपवर झालेलं रेकॉर्डिंग आहे. जनरलमध्ये लिहिलंय 'मॅट्रोस्का', म्हणजे एमकेव्ही. व्हिडिओत 'एव्हीसी', ८ बिट, कॉन्स्टंट, प्रोग्रेसिव्ह. ऑडिओत 'एएसी'. तुमचं एडिटिंग सॉफ्टवेअर फाईल घेत नाहीये. आतला माल बघा: एच.२६४ आणि एएसी, म्हणजे एमपी४मध्ये जे घालतात तेच दोन्ही. बिघाड काहीच नाही, फक्त डबा बदलायचा. तो कसा, ते पायरी ५ मध्ये.

## ४. कोणता कंटेनर कुणाचा

एमपी४ आणि एमओव्ही. हे सख्खे भाऊ. अ‍ॅपलने १९९१ मध्ये क्विकटाइम आणलं, त्याचा कंटेनर एमओव्ही. त्याच रचनेवरून पुढे एमपी४चं आंतरराष्ट्रीय मानक तयार झालं. ग्राहकाला फाईल द्यायची तर एमपी४च द्या, आत एच.२६४ आणि एएसी असेल तर फोन, टीव्ही, लॅपटॉप कुणाचीच तक्रार येत नाही. एमओव्ही जास्त करून आयफोन, काही कॅमेरे आणि प्रोरेससारख्या एडिटिंगच्या कोडेकसाठी भेटतो.

एमकेव्ही. २००२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला खुला प्रकल्प, मालकी कुणा कंपनीची नाही. यात जवळजवळ काहीही मावतं: चार भाषांचे आवाज, डझनभर सबटायटल, प्रकरणं, फॉन्टसुद्धा. साठवणीसाठी मला हाच आवडतो. पण ग्राहकाला देऊ नका. टीव्हीचं आणि एडिटिंग सॉफ्टवेअरचं त्याच्याशी कधी जमतं, कधी नाही.

वेबएम. गूगलने २०१० मध्ये एमकेव्हीची कापून-छाटून बनवलेली आवृत्ती. आत व्हीपी८, व्हीपी९ किंवा एव्ही१ चित्र आणि व्हॉर्बिस किंवा ओपस आवाज. ब्राउझरसाठी उत्तम, टीव्हीच्या यूएसबीसाठी बेभरवशाचा.

एव्हीआय. मायक्रोसॉफ्टचा, १९९२ चा. मूळ रचनेत फाईल २ जीबीच्या पुढे जात नव्हती, नंतरच्या विस्ताराने ती अडचण गेली. आजचे कोडेक यात कोंबता येतात, पण वेळांचा हिशोब नीट बसत नाही. नवीन काम यात करू नका. जुनी एव्हीआय सापडली तर जशी आहे तशी जपा.

एमटीएस, एम२टीएस, टीएस. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये एव्हीसीएचडी आणलं. लग्नाच्या शूटिंगमधल्या हॅंडिकॅमच्या कार्डावर एमटीएस दिसतात त्या याच. मूळ टीएसची रचना प्रसारणासाठी केलेली: १८८ बाइटची छोटी पाकिटं एकामागून एक. सेट-टॉप बॉक्स मध्येच चालू केला तरी चित्र लागतं ते त्यामुळे.

यात सापळा असा की हॅंडिकॅम लांब शॉट तोडून अनेक फाईली करतो. नुसत्या एमटीएस उचलून आणल्या की जोडावर आवाज टिचकतो किंवा क्षणभर गायब होतो. कार्डावरचं अख्खं फोल्डर, आहे त्या रचनेसकट कॉपी करा. एडिटिंग सॉफ्टवेअर त्या रचनेवरून तुकडे नीट सांधतं.

३जीपी आणि एफएलव्ही. पहिली साध्या मोबाईलच्या काळातली, दुसरी फ्लॅशच्या काळातली. फ्लॅश प्लेयरचा आधार २०२० च्या शेवटी संपला, तरी एफएलव्ही व्हीएलसीमध्ये व्यवस्थित चालतात.

## ५. रीमक्स करायचं की एन्कोड?

सगळ्यात जास्त वेळ, वीज आणि क्वालिटी इथे वाया जाते, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

रीमक्स म्हणजे आतले प्रवाह जसेच्या तसे उचलून दुसऱ्या कंटेनरमध्ये ठेवणं. चित्राच्या एकाही बिंदूला धक्का लागत नाही. फाईलचा आकार जवळपास तेवढाच राहतो आणि वेळ लागतो तो फाईल कॉपी व्हायला लागतो तेवढाच.

एन्कोड म्हणजे चित्र उलगडून पुन्हा नव्याने दाबणं. याला वेळ लागतो, लॅपटॉप तापतो आणि दर वेळी थोडी क्वालिटी जातेच. एकदा गेलेली परत येत नाही, मग आकडे कितीही मोठे ठेवा. 'एचडी करून द्या' म्हणून जुनी फाईल घेऊन येणाऱ्यांना हे समजावणं फार अवघड जातं.

रीमक्स करायची रीत:

1. लॉसलेसकट उघडून फाईल आत ओढा.
2. आउटपुट फॉरमॅटमध्ये एमपी४ निवडा.
3. ट्रॅकच्या यादीत हवे तेवढेच ट्रॅक ठेवा.
4. एक्स्पोर्ट करा.
5. नवी फाईल मीडियाइन्फोत उघडा. कोडेक तेच आणि कालावधी तेवढाच आहे ना ते बघा. मग सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून ओठ जुळतायत का पाहा.

सबटायटल मात्र सांभाळा. एमकेव्हीतली सजवलेली किंवा चित्रस्वरूपातली सबटायटल एमपी४मध्ये जात नाहीत. हवी असतील तर आधी वेगळी काढून ठेवा.

लॉसलेसकटने कापताना आणखी एक गोष्ट जाणवेल: तुम्ही जिथे कापलं त्याच्या थोडं आधीपासून व्हिडिओ सुरू होतो. कारण हे कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, म्हणजे कीफ्रेम, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल. न एन्कोड करता कापायचं तर कीफ्रेमवरच कापावं लागतं. मंगलाष्टकांच्या आधीची एखाद-दुसरी सेकंद जास्त आली तर येऊ द्या.

एन्कोड कधी करायचं? आतला कोडेकच समोरच्या यंत्राला कळत नसेल, फाईल खरोखरच लहान करायची असेल, किंवा फ्रेम रेट ठीक करायचा असेल तेव्हा. हँडब्रेकमध्ये 'फास्ट' गटातला १०८०पीचा प्रीसेट घ्या, फ्रेम रेट 'सेम अ‍ॅज सोर्स' आणि 'कॉन्स्टंट' ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत शूटिंग २५ फ्रेमवर होतं. त्याला विनाकारण ३० वर नेलं तर चालती माणसं हिसके देताना दिसतात. हँडब्रेक चित्र प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतं, त्यामुळे रीमक्ससाठी ते वापरू नका. व्हीएलसीचा 'कन्व्हर्ट' पर्यायही सांगितलं नाही तर एन्कोडच करतो.

ऑनलाइन कन्व्हर्टरविषयी थोडक्यात: घरातल्या बायकामुलांचे व्हिडिओ अनोळखी सर्व्हरवर चढवायचे कशाला?

## ६. फोनवर काढलेला व्हिडिओ

आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करू लागले. जागा वाचते, पण विंडोजचा स्वतःचा प्लेयर त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं वेगळं एक्स्टेन्शन मागतो. व्हीएलसीत तीच फाईल चालते. मंडळाच्या दहा पोरांकडून क्लिप गोळा करायच्या असतील तर आयफोनवाल्यांना आधीच सांगा: सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल'.

दुसरी अडचण अँड्रॉइडवरही येते. फोन उजेड कमी-जास्त झाला की फ्रेम रेट खाली-वर करतो, म्हणजेच 'व्हेरिएबल'. फोनवर बघताना काही कळत नाही. एडिटिंगमध्ये टाकलं की सुरुवातीला आवाज जुळतो आणि पुढे पुढे ढोलाची टिपरी आधी पडते, आवाज मागून येतो. असं सरकत जाणारं अंतर दिसलं की मीडियाइन्फोतली फ्रेम रेट मोडची ओळ बघा आणि आधी हँडब्रेकमधून कॉन्स्टंट करून घ्या. ट्रॅक हाताने ओढून जुळवत बसलात तर रात्र जाईल.

## ७. पेनड्राइव्ह, टीव्ही आणि एलईडी वॉल

३२ जीबीचा पेनड्राइव्ह मोकळा आहे, तरी ६ जीबीची फाईल जात नाही. कारण तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलाय आणि त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतला सगळा डेटा आधी बाजूला काढून. पण जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. अशा वेळी पेनड्राइव्ह एफएटी३२ च ठेवून लॉसलेसकटने व्हिडिओचे ४ जीबीच्या आतले भाग करा: हळद, लग्न, वरात. पाहुण्यांनाही तेच सोयीचं पडतं.

फाईल किती मोठी होईल हे आधीच काढता येतं. बिटरेट (सेकंदाला किती बिट डेटा) गुणिले सेकंद, भागिले ८. सेकंदाला १६ मेगाबिट म्हणजे २ मेगाबाइट. तासाचे ३६०० सेकंद. म्हणजे तासाला ७,२०० एमबी, साधारण ७.२ जीबी. कंटेनर कोणता आहे यावर आकार फारसा ठरत नाही. 'एमकेव्ही मोठी असते, एमपी४ लहान असते' हा गैरसमज दुकानादुकानांत ऐकू येतो.

टीव्हीवर चित्र आहे, आवाज नाही? मीडियाइन्फोच्या ऑडिओत बहुधा 'डीटीएस' हा कोडेक दिसेल, कारण बरेच टीव्ही तो वाजवत नाहीत. एव्हीडेमक्समध्ये व्हिडिओ आउटपुट 'कॉपी' ठेवा, ऑडिओ आउटपुट 'एएसी' करा, आउटपुट फॉरमॅट 'एमपी४ मक्सर'. फक्त आवाज बदलतो, चित्र जसंच्या तसं राहतं.

एलईडी वॉलवाल्याला फाईल देण्याआधी फोन करा. रुंदी-उंची किती बिंदूंची आणि फाईल कोणत्या कोडेकची, हे दोन प्रश्न विचारा. काही जण साधी एच.२६४ घेतात, काहींच्या सॉफ्टवेअरला एमओव्हीमधला खास कोडेक लागतो. मिरवणूक पापाच्या तिकटीला पोचल्यावर विचारून उपयोग नाही.

## ८. रेकॉर्डिंग मध्येच तुटलं तर

बॅटरी संपली, लाईट गेली, लॅपटॉप लटकला, आणि एमपी४ उघडत नाही. आकार मात्र चांगला १० जीबी दिसतोय.

एमपी४चे दोन मोठे भाग असतात. एकात प्रत्यक्ष चित्र-आवाज, दुसऱ्यात सूची. ही सूची, तिला 'मूव्ह' म्हणतात, साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच वीज गेली की माल सगळा आहे, पण तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगणारं कुणी नाही.

अशा वेळी या क्रमाने जा:

1. त्या कार्डावर पुढचं शूटिंग थांबवा. हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं.
2. फाईल जशी आहे तशी कॉम्प्युटरवर कॉपी करा.
3. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर काढलेली एक धडधाकट फाईल शोधा. नसेल तर दुसऱ्या कार्डावर मिनिटभराचं शूटिंग करून घ्या.
4. अनट्रंक नावाचं फुकट साधन त्या चांगल्या फाईलचा नमुना घेऊन तुटलेल्या फाईलची सूची नव्याने बांधतं. दर वेळी जमेलच असं नाही, पण पैसे मागणाऱ्या रिपेअर वेबसाईटकडे जाण्याआधी हे करून बघा.

एमकेव्ही आणि टीएस मध्येच तुटले तरी तोपर्यंतचं रेकॉर्डिंग चालतं. म्हणून ओबीएस या लाइव्ह दाखवायच्या आणि रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरवर सामना किंवा कुस्ती मैदान लाइव्ह करताना रेकॉर्डिंग एमकेव्हीतच ठेवा. काम झाल्यावर ओबीएसच्या 'फाईल' मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे, तिथून एमपी४ होतं.

सूची फाईलच्या शेवटी असल्याचा आणखी एक त्रास होतो. मंडळाच्या वेबसाईटवर व्हिडिओ टाकला तर पूर्ण उतरल्याशिवाय तो सुरू होत नाही असं कधी कधी दिसतं. हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर खूण केली की सूची पुढे येते.

## ९. नुसता आवाज

डब्ल्यूएव्ही हाही कंटेनरच. आत बहुधा न दाबलेला पीसीएम आवाज असतो. सीडीच्या दर्जाचा असेल तर मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. याची मर्यादा ४ जीबीची, आणि ती रात्रभराच्या जागर-भजनात आडवी येते: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओवर चार तासांच्या थोडं पुढे ४ जीबी भरतात. चांगले रेकॉर्डर आपोआप दुसरी फाईल सुरू करतात. तुमचा करतो का, हे घरी तपासून घ्या. मंदिरात पहाटे तीनला कळायला नको.

एम४ए म्हणजे फक्त आवाज असलेली एमपी४. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज ओपसमध्ये असतात, कंटेनर ऑग. जुन्या कॉल रेकॉर्डिंगच्या एएमआर फाईली व्हीएलसीत वाजतात.

आजीच्या ओव्या रेकॉर्ड करणार असाल तर डब्ल्यूएव्हीतच करा आणि साठवताना फ्लॅक करा. त्यात आवाज काहीही न गमावता लहान होतो. एमपी३ फक्त वाटण्यासाठी. आणि एमपी३ची डब्ल्यूएव्ही केली तर फाईल फुगते, आवाज मात्र तोच राहतो.

## १०. जुन्या सीडी, डीव्हीडी, कॅसेट

व्हीसीडीवरच्या '.डीएटी' फाईलमध्ये एमपीईजी-१ असतं, ३५२ बाय २८८ बिंदूंचं. त्यावर छान एचडी होत नाही, अपेक्षाच ठेवू नका. फाईल कॉपी होताना अडली तर सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. ड्राइव्ह बदलल्यावर वाचलेल्या सीडी बऱ्याच आहेत.

डीव्हीडीत व्हीओबी फाईली असतात, प्रत्येक १ जीबीपर्यंतची. एक-एक व्हीओबी सुटी कन्व्हर्ट करू नका, अख्खं फोल्डर कॉपी करा. मग मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर वापरलं तर सलग एक एमकेव्ही मिळते, तीही न एन्कोड करता. चित्रात हलणाऱ्या माणसाच्या कडेला आडव्या रेघा दिसल्या तर तो बिघाड नव्हे, ते इंटरलेस्ड आहे. मूळ तसंच जपा, वाटायच्या प्रतीसाठी हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करा.

मिनी डीव्ही कॅसेट आधीपासूनच डिजिटल असते. फायरवायर या जुन्या डिजिटल केबलने घेतली तर टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, तासाला साधारण १३ जीबी. त्याऐवजी पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी लावून स्वस्तातल्या यूएसबी स्टिकने घेतली, तर चांगला डिजिटल माल आधी अ‍ॅनालॉग होतो आणि मग पुन्हा दाबला जातो. काम बाहेर द्यायचं असेल तर दुकानदाराला "फायरवायर आहे का?" एवढंच विचारा. व्हीएचएसला मात्र त्या वायरींशिवाय मार्ग नाही.

## ११. देवाणघेवाण करताना

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत मूळ फाईल तशीच जाते. एडिटरला क्लिप देताना तर हे कराच.

शूटिंगवाल्याशी बोलणी करताना दर ठरवण्याच्या वेळीच या गोष्टी लिहून घ्या:

- अंतिम फाईल एमपी४, आत एच.२६४ आणि एएसी.
- रिझोल्यूशन आणि बिटरेट किती.
- कार्डावरच्या मूळ फाईली मिळणार का, आणि किती महिने ते जपणार.
- पेनड्राइव्ह की हार्डडिस्क, आणि ती कोणत्या फॉरमॅटमध्ये.

कुणाकडे अडचण घेऊन जाणार असाल तर स्क्रीनचा फोटो पाठवण्याऐवजी मीडियाइन्फोतला पूर्ण मजकूर कॉपी करून पाठवा आणि फाईल कोणत्या यंत्रावर चालत नाही ते सोबत लिहा. टीव्ही असेल तर मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबरही.